मारुतीला वाहिलेला पेन

अर्धी ज्वारी पाखडून झाली होती आणि अर्धी अजून गोणीतच होती, तेवढ्यात कावेरीच्या हातातलं सूप थांबलं.

मागच्या दारी चैत्राचं ऊन पायरीला लागलं होतं. नव्या ज्वारीचा कोंडा नाकातोंडात जात होता. खडे डाव्या हाताला, दाणे परातीत, असं सगळं नेमस्त चाललेलं असताना कुठून कोण जाणे, एक वाक्य मनात येऊन उभं राहिलं. न कळवता आलेल्या पाहुण्यानं दारात चपला काढाव्यात, तसं.

‘ज्या दिवशी गावातली शेवटची म्हैस विकली गेली, त्या दिवशी बायजानं चुलीवर दूध तापायला ठेवलं.’

बायजा कोण, कावेरीला माहीत नव्हतं. गाव कोणतं, तेही नाही. पण हे काय आलंय, ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या बाईला एवढं कळतंच. पहिली अशीच गवारीच्या शेंगा मोडताना आली होती. दुसरी सासूच्या दहाव्याला, भर रडारडीत. तिसरी मानवतच्या एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघताना. त्या तिन्ही वेळेला तिला आनंद झाला होता. आज नाही.

तिनं डोळे मिटले आणि मारुतीचं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं. गेले आठ महिने ती असंच करत आली होती. मनात शब्दानं डोकं वर काढलं की त्यावर स्तोत्राचं झाकण ठेवायचं. पण आजपर्यंत वर यायचे ते सुटे शब्द, एखादा चेहरा, कुणाच्या बोलण्याची लकब. आजचं वाक्य पुरं होतं आणि झाकणाखाली राहायला तयार नव्हतं.

“ताई, ओ ताई!” आतून म्हाळसाबाईची हाक आली. “मारुतीला जरा दम घिऊ द्या अन् इकडं या. दाजी खाली सरकल्यात.”

कावेरी सूप तसंच ठेवून आत गेली.

म्हाळसाबाई रोज सकाळी श्रीरामची आंघोळ-अंग पुसणं करायला यायची. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या होत्या, त्या तिचा दीर येडबा बघायचा. तिचं माहेर वालूरचं आणि कावेरीचंही वालूरचं. त्यामुळं पहिल्या दिवशीच तिनं नातं लावून टाकलं. कावेरी ताई, म्हणून श्रीराम दाजी. आणि दाजी म्हटला की त्याची चेष्टा करायला परवाना लागत नाही.

“काय दाजी, सासरवाडीच्या माणसाला हात बी देऊ न्हाई का?” ती श्रीरामच्या काखेत हात घालत म्हणाली. “ताई, धरा तिकडून. हं, उचला.”

दोघींनी मिळून त्याला उशीवर वर घेतलं. उजवा हात नि उजवा पाय लाकडासारखे. तोंड एका बाजूला ओढलेलं. श्रीराम छताकडं बघत होता. डोळे उघडे होते एवढंच. घर उघडं टाकून मालकानं परगावी जावं, तसे. कावेरीनं पदरानं त्याची लाळ पुसली, कानाशी वाकून रोजचा जप अकरा वेळा म्हटला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

“आज लय रुसल्यात,” म्हाळसाबाई म्हणाली. मग ओला पंचा पिळता पिळता, “ताई, कोपऱ्यावरल्या आज्जीनं आजबी आपल्या दारची कण्हेर तोडून नेली. पिशवीभर. मी बघितलं तर म्हनती कशी, देवालाच न्यायलेय.”

“नेऊ दे. दुसऱ्याच्या दारचं फूल न विचारता वाहिलं तर देवाला पावत नाही. त्याचं पुण्य झाडवाल्याला.”

“असं हाय का? मग बरंच की! दाजी, ऐकलाव का? तुमी झोपून झोपून पुण्यवान व्हायलाव.”

कावेरीला हसू आलं नाही. पण म्हाळसाबाई आली की घरात कुणीतरी राहतंय असं वाटायचं, हेही खरं.

पूर्वी या घरात बोलण्याला तोटा नव्हता. श्रीराम विद्यापीठाच्या कचेरीत कारकून. दिवसभर फायली, आणि संध्याकाळी वसाहतीतल्या मारुतीच्या देवळात बैठक. श्रावणात तिथं पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचायला कावेरी, अर्थ सांगायला श्रीराम. पंचवीस वर्षं ही जोडी बसत होती. डोळे मिटून तो सुरू करायचा, “म्हणजे बघा मंडळी, इथं म्हणायचं असं की...” आणि ओवीतला राजा, राणी, ऋषी असे कुणी परभणीतच भाड्यानं राहतात असं वाटायला लावायचा. बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

कावेरीच्या कादंबऱ्याही तशाच झाल्या. तो दहाला कचेरीत गेला, लेक प्राची शाळेत गेली, कुकर उतरला, की दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ तिचा. त्यात लिहायचं. देवाचं आटोपल्याशिवाय पेन हातात घ्यायचा नाही आणि दिवेलागणीनंतर लिहायचं नाही, हे दोन नेम. संध्याकाळी देवळातून आल्यावर ती दिवसाचं पान त्याला वाचून दाखवायची, आणि तो डोळे मिटून पोथीसारखाच त्याचा अर्थ सांगायचा.

“म्हणजे बघ, ही बाई नवऱ्यावर चिडलेली नाही. ती सासूवर चिडलीय, पण सासू मेली, म्हणून नवरा सापडला.”

“असं कुठं लिहिलंय मी?”

“लिहिलं नाहीस. पण आहे.”

कधी तो चुकीचा अर्थ सांगायचा. मग तिला कळायचं, पान चुकलंय. दुसऱ्या दिवशी ती ते फाडायची. कधी मध्येच हात वर करून विचारायचा, “थांब. हा माणूस बाजारातून निघाला तेव्हा चालत होता. घरी सायकलवर कसा आला?” त्यावर दोघं हसायची. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा त्यानं नांदेडहून तिला शाईचा पेन आणून दिला, निळा, सोनेरी पट्ट्याचा. पुढच्या दोन्ही कादंबऱ्या तिनं त्याच पेनानं लिहिल्या.

गेल्या श्रावणातली ती संध्याकाळ. अध्याय मध्यावर आला होता. कावेरीनं ओवी वाचली. श्रीरामनं डोळे मिटले. “म्हणजे बघा मंडळी, इथं...” म्हणाला आणि पुढं काहीतरी भलतंच बोलला. शब्दांची मोडतोड, जसं कुणी झोपेत बडबडतंय. मंडळी हसली. त्यांना वाटलं, ऋषीची नक्कल करायलेत. कावेरीनं वर बघितलं. तो गप्प बसला होता, मान जराशी कलती. काहीतरी बिनसलंय, हे तिला कळलं. पण अध्याय अर्ध्यावर सोडू नये, सोडला तर दोष लागतो, हे तिनं आईच्या मांडीवर बसून शिकलेलं. तिनं पुढची ओवी वाचली. मग त्याच्या पुढची. अर्थ सांगणारा गप्प, तरी ती वाचत गेली. वेग वाढवून, भराभरा, अध्याय संपवायचा म्हणून. शेवटची ओवी झाली, पोथीला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा श्रीराम खांबाला टेकून खाली घसरला होता.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “किती वेळ झाला?” तिनं सांगितलं. “अजून थोडं आधी आला असता तर...” असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. कावेरीनं ते वाक्य त्या दिवसापासून किती वेळा पुरं केलं असेल, त्याला गणती नाही.

आणि वसाहतीत काय चाललं होतं? “काय ती बाईची निष्ठा! नवरा पडला पण अध्याय पुरा केला!” बायका घरी येऊन पाया पडून गेल्या. तेव्हा तिला जमिनीत जावंसं वाटलं.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ती वालूरला गेली. माहेरच्या मारुतीपुढं तिनं तो निळा पेन ठेवला. माणसं नवसाला गोड सोडतात, आवडती भाजी सोडतात. तिच्याकडं सोडण्यासारखं सगळ्यात आवडतं एकच होतं. “यांच्या तोंडून शब्द येईपर्यंत माझ्या हातून कागदावर शब्द उतरणार नाही,” असं ती मोठ्यानं बोलली. गुरवानं, सटवाजीनं, पेन उचलून देवाच्या पायाशी ठेवला.

त्या दिवसापासून तिनं अक्षर काढलं नाही. वाण्याची यादी तोंडी. दुधाचे दिवस आधी बोटांवर, या महिन्यापासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुंकवाच्या ठिपक्यांनी. कादंबरी नाही, म्हणून संध्याकाळचं वाचन नाही. वाचन नाही, म्हणून बोलणं नाही. श्रीरामच्या खाटेजवळ बसून ती आता फक्त स्तोत्र म्हणायची, जप करायची, औषध द्यायची.

प्राची मानवतला शाळेत शिकवते. रविवारी एसटीनं येते. गेल्या रविवारी आली तशी भिंतीपुढं उभी राहिली.

“आई, हे काय? भिंतीला गोवर आला का?”

“दुधाचे ठिपके आहेत.”

“वही संपली?”

“वही आहे.”

“मग?”

“लिहायचं नाही म्हटलं ना मी.”

“अगं, आकडे आहेत ते! मारुती काय दुधाचा हिशेब तपासायलाय का?”

“तुला चेष्टा सुचायली.”

“मला रडू यायलंय, आई. पण ते दाखवून काय करू? इथं सगळेच गप्प.” प्राचीनं पिशवीतून बापाची संत्री काढली, खाटेजवळ बसून फोडींचा रस चमच्यानं द्यायला लागली. दुसऱ्याच चमच्याला श्रीरामला ठसका लागला आणि दोघी धावल्या. तो निळाकाळा पडला, मग कसाबसा सावरला. रस उशीवर सांडला.

त्या मंगळवारी दोघी त्याला गाडी करून नांदेडला दाखवायला घेऊन गेल्या. डॉक्टर तेच होते. त्यांनी टॉर्च मारला, हातपाय हलवून बघितले, नावानं हाका मारल्या. मग म्हणाले, “बोलणं आता परत येईल असं मला वाटत नाही. खोटी आशा देत नाही. आणि गिळायला त्रास वाढलाय, ते जास्त सांभाळा. पुढंमागं नळी घालावी लागेल.” औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “घरी यांच्याशी कोण बोलतं?”

“मी रोज जप करते कानाशी. स्तोत्र म्हणते,” कावेरी म्हणाली.

“ते चांगलंच आहे. पण गप्पा? घरातलं, गावातलं? ऐकायची सवय असलेलं माणूस असेल तर पहिले सहा महिने ते फार कामाचं असतं.”

कावेरी श्रीरामच्या शर्टाची बटणं लावायला लागली. प्राचीनं आईकडं बघितलं. येताना गाडीत, वसमतच्या पुढं, प्राची खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, “म्हणजे तुझा नवस आता जन्माचा झाला.”

आणि आज शनिवारी, सुपात अर्धी ज्वारी असताना, बायजा दूध घेऊन दारात.

“म्हाळसाबाई,” कावेरी म्हणाली, “आज संध्याकाळपर्यंत थांबशील का? मी वालूरला जाऊन येते.”

“जावा की. येडबाला फोन लावते, शेळ्या त्यो बघंल. पर ताई, ज्वारीचं?”

“राहू दे तशीच.”

सेलूपर्यंत रेल्वे, पुढं जीप. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या कावेरीच्या डोक्यात वाक्य होतंच. बायजाचे हात आता दिसायला लागले होते, बोटाला भाजल्याचा डाग. तिनं जप सुरू केला. तो डाग जपातून दिसत राहिला.

वालूरला देवळात हनुमान जयंतीची गडबड होती. मांडवाचे बांबू आले होते. सटवाजी गुरव पायरीवर बसून जेवणावळीच्या वर्गणीच्या पावत्या फाडत होता. कान जरा कमी ऐकतात, म्हणून तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा.

“या या, कावेरीताई! पाव्हणं कसं हायत?”

“आहेत तसेच.” ती पायरीवर टेकली आणि तिची नजर त्याच्या हाताकडं गेली. निळा पेन. सोनेरी पट्टा निम्मा उडालेला.

“सटवाजी, हा पेन...”

“ह्यो? तुमचाच की!” त्याला काही वावगं वाटलं नाही. “देवापशी नुसता पडून व्हता. देवाला काय उपेग, सांगा. मारुती काय अर्ज लिवतो का? पावत्यांला घेतला. शाई लय पितो पर, आन् निबबी फाकलं.”

तिनं पेन हातात घेतला. निबाच्या दोन पात्या दोन दिशांना गेल्या होत्या, दाबून दाबून लिहिल्यानं. श्रीरामनं हा पेन आणला तेव्हा दुकानातच स्वतःचं नाव लिहून चालवून बघितला होता, आणि तो कागद कितीतरी दिवस खिशात ठेवला होता. तिला एकदम रडू आलं. सटवाजी घाबरला.

“ताई, आवो, घिऊन जावा की तुमचा पेन! रडायलाव कामून? मी दुसरा आणतो दहा रुपयाचा.”

“पेन नको. नवस सोडायचाय मला. काही करता येतं का? अभिषेक, नारळ, काही?”

सटवाजीनं पावतीबुक बाजूला ठेवलं, डोकं खाजवलं. “आता ते मी कसं सांगू? नवस बोलताना मला इचारलं व्हतं का तुमी? तुमचा आन् मारुतीचा कारभार त्यो. मी मधी पडलो तर माझ्याच मानगुटीवर.” मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करून, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, “आमच्या म्हातारीनं वांगं सोडलं व्हतं. पोरगं व्हईना म्हून. पोरगं झालं न्हाई, वांगंबी गेलं. मरस्तवर शेजारणीच्या भाजीचा वास घ्यायची. दिल्यालं दिलं, ताई.”

मांडवातली पोरं हसली. कावेरीनं देवापुढं डोकं टेकलं. शेंदराचा वास, तेलाचा वास. ती खूप वेळ बसली. आतून काही आलं नाही. ना कौल, ना फूल खाली पडलं, ना मनाला हलकं वाटलं. उठताना तिनं पेन पुन्हा सटवाजीच्या हातात दिला.

“लिहा तुम्ही पावत्या.”

परतीची जीप रस्त्यात बंद पडली, सेलूची गाडी हुकली, म्हणून ती एसटीनं आली. घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लोटलेलंच होतं. पायातल्या चपला काढताना तिला आतून म्हाळसाबाईचा आवाज ऐकू आला आणि ती तिथंच थांबली.

“...तर आमचा येडबा बोकड घिऊन बाजारला गेला. इकला. चांगलं गिऱ्हाईक भेटलं. पैसे कंबरंला लावले, भजे खाल्ले, च्या पिला, आन् आला डुलत डुलत घरी. आन् बघतो तर काय, दाजी? बोकड दारात! त्येच्या आधी घरी यिऊन कडबा खायलाय! दावं तोडून आलं व्हतं बेणं. येडबा म्हनला, वैनी, आता काय करू? परत नेऊन देऊ का गप बसू? आता तुमीच सांगा दाजी...”

आणि म्हाळसाबाई थांबली. बहुतेक तंबाखू मळत असावी.

धप्. धप्. धप्.

कावेरीनं दाराच्या फटीतून बघितलं. श्रीराम डाव्या हातानं खाटेच्या कडेवर आपटत होता. मान म्हाळसाबाईकडं वळलेली, डोळे तिच्या तोंडावर. घशातून आवाज निघत होता, शब्द नव्हे, नुसता आवाज, पण त्यात घाई होती, राग होता.

“सांगते की! धीर धरा जरा. सासरवाडीत एवढी घाई करू न्हाई,” म्हाळसाबाई म्हणाली. “तर म्या म्हनलं...”

हात थांबला. तो ऐकत होता.

कावेरी भिंतीला टेकून खाली बसली, चपलांमध्येच. आठ महिन्यांत हा माणूस तिच्याकडं असा एकदाही वळला नव्हता. तिनं त्याच्या कानात स्तोत्रं ओतली, देवाचं नाव ओतलं, पण त्याला हवं होतं ते त्यात नव्हतं. त्याला पुढं काय झालं ते हवं होतं. पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी मिळालेलं ते एका दिवसात बंद झालं आणि का बंद झालं, हे त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणालेले ते सहा महिने याच घरात, याच खाटेवर, छताकडं बघत गेले.

तिनं आपली म्हणून जी वस्तू मारुतीपुढं ठेवली, ती तिची एकटीची नव्हती. अर्धी त्याची होती. लिहायची तिनं, अर्थ त्यानं सांगायचा. त्याला न विचारता, तो खाटेवर निपचित पडलेला असताना, त्याच्या दारची फुलं तिनं पिशवीभर तोडून नेली आणि देवाला वाहिली. अशी पूजा पावत नाही, हे तिनं आज सकाळीच सांगितलं होतं. म्हाळसाबाईला. स्वतःच्या तोंडानं.

मारुतीनं ते घेतलंच नव्हतं. देवापाशी पोचलं नाही आणि घरातूनही गेलं. मधल्या मध्ये राहिलं, पावत्या लिहायला.

त्या रात्री ती जेवली नाही. म्हाळसाबाईला भाकरी बांधून दिली, श्रीरामला पातळ पेज चमच्या-चमच्यानं, तो खाकरला की थांबत थांबत पाजली. नवस मोडला तर काय होईल, ही भीती होतीच. ती काही एका संध्याकाळीत जात नाही. अजूनही गेली नाही.

सकाळी, प्राचीची एसटी यायला अजून वेळ होता, देवपूजा झाल्यावर ती देवघरापुढं जरा जास्त वेळ बसली. “मारुतीराया,” ती म्हणाली, “माझ्या वाट्याचं जे असेल ते तुझ्याकडंच राहू दे. पेन राहू दे. आणखी काही घ्यायचं असेल तर माझं घे. यांचं मी परत घेऊन चाललेय.” उदबत्तीची राख वाटीत पडली. एवढंच झालं.

घरात पेन सापडेना. आठ महिने कुणी शोधलाच नव्हता. शेवटी श्रीरामच्या कचेरीच्या शर्टाच्या खिशात एक साधं बॉलपेन मिळालं, विद्यापीठाच्या कुठल्याशा मेळाव्यातलं. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आधी नुसत्या रेघोट्या उमटल्या, मग शाई सुटली. अक्षर सासूच्या अक्षरासारखं आलं, वाकडं, मोठं. बायजानं दूध चुलीवर ठेवलं. बोटाला भाजल्याचा डाग. घरात धूर. दारात लोक, म्हैस नेणाऱ्या टेम्पोकडं बघत. कुणीच बायजाकडं बघत नाही. पान भरलं तेव्हा ऊन पायरीला यायचं होतं.

ती खाटेजवळ जाऊन बसली. म्हाळसाबाई श्रीरामच्या पायाला तेल लावत होती.

“अहो,” कावेरी म्हणाली. “नवीन आहे. ऐका.”

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला त्यानं मान वळवली. वळवली असं तिला वाटलं. दुसऱ्या परिच्छेदाला त्याचे डोळे तिच्या हातातल्या वहीवर आले. मग पापण्या जड झाल्या. टेम्पो निघायच्या आधीच तो झोपला. तोंड उघडं, लाळेची बारीक धार गळ्याकडं. छातीत कफाची घरघर.

ती थांबली नाही. पान शेवटपर्यंत वाचलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि सवयीनं वाट बघितली. “म्हणजे बघ, इथं म्हणायचं असं की...” ते आता येणार नव्हतं. पान बरोबर आहे की चुकलंय, हे आता तिला कुणी सांगणार नव्हतं. उद्याचंही नाही, परवाचंही नाही. पुस्तक झालंच, तर सगळंच्या सगळं असं अंधारात चालून व्हायचं. आणि तो संपायच्या आत ते होईल का, हेही तिला माहीत नव्हतं.

“पर ताई,” म्हाळसाबाई तेलाचा हात थांबवून म्हणाली, “शेवटली म्हस तर इकली. मग दूध कुठून आणलं त्या बाईनं?”

कावेरीनं तिच्याकडं बघितलं.

“माहीत नाही.”

“घ्या! लिवणारीलाच माहीत न्हाई?”

“अजून नाही.”

“मग उद्या सांगा,” म्हाळसाबाई म्हणाली आणि श्रीरामचा दुसरा पाय मांडीवर घेतला. “म्याबी ऐकते. दाजी उठले तर उठले.”

कावेरीनं त्याची लाळ पुसली, मानेखाली उशी सारखी केली, घरघर जरा कमी होईपर्यंत छातीवर हात ठेवून बसली. मग वही देवघराच्या फळीवर ठेवून ती मागच्या दारी आली. गोणी तशीच तोंड उघडून बसली होती. सुपातल्या ज्वारीत रात्री मुंग्या झाल्या होत्या. तिनं त्या झाडल्या, सूप उचललं आणि राहिलेली अर्धी पाखडायला घेतली. दुपारी गिरणीची लाईट जाते, त्याच्या आत दळण टाकून यायचं होतं.